पाचारणाची पारख

आमच्या श्रीरामपूर-राहाता पट्ट्यातल्या कॅथलिक घरांत मुलीच्या कानावर ‘पाचारण’ (व्रतस्थ जीवनासाठी देवाचे बोलावणे) हा शब्द ती शाळेत जाऊ लागण्याच्याही आधी पडतो. पुनरुत्थानकाळातील (ईस्टरच्या काळातील) चौथ्या रविवारी उत्तम मेंढपाळाचे शुभवर्तमान वाचले जाते, पाचारणांसाठी जगभर प्रार्थना होते (हा दिवस पाळण्याची सुरुवात पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली केली), आणि मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपल्यावर कोणीतरी सिस्टर लहान मुलींना पुढे बसवून विचारतात की, तुमच्यापैकी सिस्टर कोणाकोणाला व्हायचे आहे. बहुतेक मुली हात वर करतात. त्या वयात तो प्रश्न सोपा असतो. सत्ताविसाव्या वर्षी, हाताशी नोकरी, डोक्यावर शैक्षणिक कर्ज आणि घरात लग्नाची बोलणी चालू असताना तोच प्रश्न मनात ठाण मांडून बसतो, तेव्हा त्याचे उत्तर कसे शोधायचे हे मला कोणी सांगितलेले नव्हते. आज मी एका धर्मसंघात दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची तात्पुरती व्रते घेतलेली सिस्टर आहे आणि सुट्टीत गावी गेले की मुली मला विचारतात, “सिस्टर, तुम्हाला कळलं कसं?” या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका होते. कामावर माझे मनापासून प्रेम होते आणि मी दुःखी नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण प्रेमभंग झालेली किंवा लग्न न जमलेली मुलगीच कॉन्व्हेंटमध्ये जाते, असा समज आपल्याकडे अजूनही आहे. व्रतस्थ जीवनाचा विचार माझ्या मनात कोणत्याही मोठ्या घटनेनंतर आला नाही. रात्रपाळी संपवून सकाळच्या मिस्सेला जाऊन बसले की तो येई, दिवसभर मागे पडे आणि काही आठवड्यांनी पुन्हा येई. हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेत मी दरवर्षी तासन्‌तास रांगेत उभी राहून एखादी खूण मागितली. खूण मिळाली नाही. माझ्या ओळखीत ज्यांना ती मिळाली असे वाटले, त्यांच्यापैकी काही जणी पुढे परतही आल्या, त्यामुळे खुणेवर माझा फारसा भरवसा उरला नाही.

सिस्टरांना मी लहानपणापासून ओळखत होते. आमच्या गावाजवळच्या दवाखान्यात त्याच असत आणि माझे शिक्षण त्यांच्याच वसतिगृहात राहून झाले. या ओळखीचा उपयोग झाला, तसा तिने गोंधळही केला. ज्या सिस्टरांनी मला इंजेक्शन कसे धरायचे हे शिकवले त्यांच्याविषयीची माया आणि देवाचे बोलावणे यांत फरक कसा करायचा? पुढे मला आध्यात्मिक मार्गदर्शन करणाऱ्या सिस्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले होते, “तुला सिस्टरांचं काम हवंय की सिस्टरांचं जीवन? काम तर तू आत्ताही करतेसच.” रुग्णसेवेसाठी व्रतांची गरज नाही, ती विवाहित परिचारिकाही तितक्याच निष्ठेने करते, हे मला माहीत होते. तरी तो प्रश्न मला नीट ऐकू यायला बरेच दिवस लागले.

पण त्याआधी एका वेगळ्याच अनुभवातून गेले. एका संस्थेसाठी (धर्मसंघाला आम्ही संस्थाही म्हणतो) मुली शोधण्याचे काम करणाऱ्या एक सिस्टर मला धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) कार्यक्रमात भेटल्या आणि त्यांनी दुसऱ्याच भेटीत जूनमध्ये बॅग घेऊन यायला सांगितले. मी म्हटले, “सिस्टर, माझ्यावर नर्सिंगच्या शिक्षणाचं कर्ज आहे, बाबा जामीन आहेत.” त्या म्हणाल्या, “देव बघेल. नांगराला हात घातल्यावर मागं बघू नये.” शुभवर्तमानातले वाक्य असे समोर आले की माणूस निरुत्तर होतो आणि मीही झाले. घाईमागची अडचण मला आज समजते. जगभरातील धर्मभगिनींची संख्या गेली कित्येक दशके घटत असून आता ती सहा लाखांच्या आसपास आली आहे, मोठमोठ्या संस्थांची नवदीक्षितागृहे (व्रते घेण्याआधी मुलींची घडण होते ती घरे) ओस पडत आहेत आणि दरवर्षी किती मुली आणल्या याचा हिशेब त्या बिचाऱ्या सिस्टरांना द्यावा लागत असणार. तरीही माझे मत स्पष्ट आहे: ज्या संस्थेला तुम्हाला आत घेण्याची घाई आहे, तिथे तुम्ही थांबावे.

मला थांबवले ते वसतिगृहातल्या माझ्या जुन्या सिस्टरांनी. त्यांनी कपाटातून कॅनन लॉचे, म्हणजे चर्चच्या कायद्याचे, पुस्तक काढले आणि ६४४ वे कलम माझ्यापुढे धरले. फेडता न येणाऱ्या कर्जाचा बोजा असलेल्या व्यक्तीला नवदीक्षितागृहात प्रवेश देऊ नये, असे १९८३ सालच्या या संहितेत साफ लिहिले आहे. पुढेमागे त्यांनी मला इतर कलमेही वाचायला दिली, आणि मी थक्क झाले. चर्चला मुली हव्या असतात एवढेच मी ऐकले होते. चर्चचा कायदा मात्र पानोपानी सांगत होता की थांबा, तपासा, पुन्हा विचारा. सतरा वर्षे पूर्ण न झालेलीचा, विवाहबंधनात असलेलीचा, किंवा जबरदस्तीने, भीतीने वा फसवणुकीने आणलेलीचा नवदीक्षितागृहातील प्रवेश ग्राह्यच धरला जात नाही. तिथला काळ किमान बारा महिन्यांचा असला पाहिजे. त्यानंतरची व्रते तात्पुरती, एकूण तीन ते सहा वर्षांसाठी, आणि अंतिम व्रतांसाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण हवीत. नवदीक्षिता कोणत्याही दिवशी उठून घरी जाऊ शकते. लग्न लावताना आपल्या गावात एवढा विचार केला जात नाही.

कर्ज फेडायला वेळ लागणारच होता. त्या काळात मी नियमित आध्यात्मिक मार्गदर्शन घेऊ लागले. ज्या सिस्टरांकडे मी जात असे त्या वेगळ्याच संस्थेच्या होत्या, आणि मी त्यांच्याकडे यावे असे त्यांनी कधी सूचितही केले नाही. येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधना त्यांनी मला करायला लावल्या. मूळ साधना तीस दिवसांच्या एकांतात करतात. नोकरी करणाऱ्यांसाठी मात्र इग्नेशियस यांनीच दुसरी सोय सांगून ठेवली आहे: घरी राहून, रोज ठरावीक वेळ प्रार्थनेला देऊन, अनेक महिन्यांत त्याच साधना पूर्ण करायच्या. मी रात्रपाळी असली की दुपारी चारला उठून बसत असे आणि दिवसपाळी असली की पहाटे. दर आठवड्याला प्रार्थनेत काय घडले ते वहीत लिहून त्यांच्यापुढे ठेवायचे, असा क्रम होता.

१५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या इग्नेशियस यांना एक गोष्ट लक्षात आली होती. शौर्याच्या आणि दरबारातल्या मानमरातबाच्या कल्पना करताना मजा येई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगावे ही कल्पना केल्यानंतर मात्र लाभलेला आनंद टिकून राही. त्यांची सगळी पारख या निरीक्षणावर उभी आहे. विचार येताना कसा वाटतो यापेक्षा तो जाताना मागे काय ठेवून जातो हे पाहायचे. मन उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, हा त्यांचा नियम पुष्कळांना ठाऊक असतो. मला जास्त उपयोगी पडला तो दुसरा नियम, की साधक भक्तीच्या भरात असेल तेव्हा मार्गदर्शकाने त्याला घाईने व्रत किंवा वचन घेऊ देऊ नये. त्याच ठिकाणी ते पुढे सांगतात की, मार्गदर्शकाने साधकाला एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला झुकवू नये, तराजूच्या काट्यासारखे मध्यभागी राहावे आणि निर्मात्याला त्याच्या लेकराशी थेट बोलू द्यावे. हे वाचले तेव्हा जूनमध्ये बॅग घेऊन यायला सांगणाऱ्या सिस्टर मला आठवल्या आणि मनावरचे मोठे ओझे उतरले.

माझ्या वहीत पहिले काही महिने सेवा, त्याग, गरिबांसाठी जगणे असेच शब्द होते. एके दिवशी सिस्टरांनी वही मिटून बाजूला ठेवली. “तुझ्या घरात पक्का पगार तुझाच आहे ना? मग मला सांग, संस्थेत गेल्यावर तुझं पोट, तुझा आजार, तुझं म्हातारपण याची काळजी मिटेल. घरच्यापेक्षा सुरक्षित जीवन मिळेल. हे कारण तुझ्या मनात किती मोठं आहे?” मला राग आला. घरी जाऊन मी दोन दिवस काही लिहिले नाही. पण प्रश्न खरा होता. आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेली आणि साखर कारखान्यात हंगामी काम केलेली माणसे आहेत. अशा घरातल्या मुलीला पक्के छप्पर, स्वच्छ कपडे, शिक्षण आणि समाजात ‘सिस्टर’ म्हणून मिळणारा मान या साध्या गोष्टी नव्हेत. या ओढीत लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र ती तपासलीच पाहिजे, कारण दारिद्र्याचे व्रत घेऊन आपली परिस्थिती सुधारणार असेल, तर आपण नेमके काय अर्पण करत आहोत हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

पुढे आईनेही हेच तिच्या शब्दांत विचारले. “आपण गरीबच आहोत की गं. त्याचं आणखी व्रत कसलं घ्यायचं?” तिला पटेल असे उत्तर त्या दिवशी माझ्याजवळ नव्हते. आज इतके सांगू शकते की, माझ्या आईच्या वाट्याला आलेली गरिबी कोणी निवडलेली नव्हती आणि तिला व्रताचे नाव देणे हा तिचा अपमान होईल. मी जे सोडले ते निराळे होते: माझा पगार माझ्या नावावर असणे, तो कोणाला द्यायचा हे मी ठरवणे, आणि घर अडचणीत असताना धावून जाता येणे. धर्मभगिनी स्वतःच्या श्रमाने जे मिळवते ते संस्थेचे होते, असा नियमच आहे. घरी पैसे पाठवता न येणे हे आमच्याकडच्या मुलींच्या दृष्टीने या व्रताचे सर्वांत जड टोक आहे, आणि मुली शोधायला येणाऱ्यांनी ते पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

साधना निम्म्यावर असताना आत्याने एक स्थळ आणले. मुलगा संगमनेरकडचा, चाकणच्या कारखान्यात नोकरीला, घरचे आमच्यासारखेच, रविवारची मिस्सा न चुकवणारे. आम्ही भेटलो, बोललो, आणि मला तो आवडला. हे मला लपवायचे नव्हते. मी सिस्टरांना सांगितले तेव्हा मला वाटले होते की त्या नाराज होतील. त्या चक्क खूश झाल्या. म्हणाल्या, “आता खरी निवड सुरू झाली. आतापर्यंत तुझ्यापुढे एकच वाट होती.” त्यांनी मला आठवण करून दिली की विवाह हा चर्चच्या सात संस्कारांपैकी एक आहे, व्रतग्रहण त्या सातांत नाही, आणि लग्नाला कमी लेखून घेतलेला निर्णय तग धरत नाही.

मग त्यांनी एक अभ्यास दिला. काही दिवस असे जगायचे की लग्नाचा निर्णय पक्का झाला आहे: त्याच भावनेने उठायचे, कामावर जायचे, प्रार्थनेला बसायचे. नंतर तितकेच दिवस व्रतस्थ जीवनाचा निर्णय झाला आहे असे मानून. दोन्ही वेळा वहीत प्रामाणिकपणे लिहायचे. लग्नाच्या दिवसांत मी खरोखर आनंदात होते. आमच्या विभागात काचेच्या पेटीतल्या, किलोभर वजनाच्या बाळांना नळीने दूध पाजताना माझ्या स्वतःच्या बाळाची कल्पना इतकी जवळची वाटे की डोळे भरून येत. ती ओढ आजही पूर्ण गेलेली नाही आणि ती जावी अशी माझी प्रार्थनाही नाही. पण दिवस सरत गेले तसे वहीत दिसू लागले की तो आनंद मला दररोज पुन्हा जमवावा लागत होता. व्रतस्थ जीवनाच्या दिवसांत भीतीच जास्त होती. आईबाबांचे म्हातारपण, आज्ञापालनाचे जोखड, ज्यांना आपण निवडलेले नाही अशांसोबत आयुष्य काढणे, या सगळ्यांची भीती. त्या आठवड्यात आम्ही बरेच दिवस जपलेले एक बाळ पहाटे गेले. त्याच्या आईला धरून मी व्हरांड्यात बसले होते, आणि घरी आल्यावर वहीत लिहिले ते असे: भीती आहे तशीच आहे, पण तिच्या खाली जे आहे ते हललेले नाही.

एवढ्यावर निर्णय झाला नाही. इग्नेशियस आणखी दोन कसोट्या सुचवतात, त्याही केल्या: कधी न पाहिलेल्या एखाद्या मुलीने हाच पेच माझ्यापुढे मांडला तर तिला मी काय सांगेन, आणि मरणाच्या वेळी मागे वळून पाहताना आज काय निवडले असते तर बरे वाटेल. पहिल्या कसोटीचे उत्तर चटकन आले. दुसऱ्या कसोटीत मी अडखळले, कारण मरणसमयी उशाशी कोण असेल हा विचार सोडवत नव्हता. शेवटी मी त्या मुलाला भेटून सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “तुम्ही आधी सांगितलंत, हे चांगलं केलंत.” त्याच्या जागी दुसरा असता तर गावभर बोलणी झाली असती. त्याच्याविषयी माझ्या मनात कायम आदर राहील.

कोणता धर्मसंघ, हा प्रश्न वेगळाच असतो, आणि तो सुटेपर्यंत पहिल्या उत्तराला अर्थ नसतो. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना येशूसंघात प्रवेश हवा होता. तो मिळाला नाही, ते व्यापारात गेले, आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्यांना हौतात्म्य आले आणि १८६२ साली ते संत म्हणून घोषित झाले. एका दाराशी नकार मिळाला म्हणून बोलावणे खोटे ठरत नाही, हे त्यांच्या चरित्रातून मी घेतले. मला आधी बंदिस्त मठाची ओढ वाटत होती, जिथे भगिनी बाहेर पडत नाहीत आणि प्रार्थना हेच त्यांचे कार्य असते. तिथल्या मदरनी जाळीपलीकडून माझे सगळे ऐकून घेतले आणि प्रेमाने सांगितले की, तुझ्या बोलण्यात प्रत्येक वाक्यागणिक कोणीतरी रुग्ण येतो. अशा मठांत सुरुवातीच्या घडणीलाच किमान नऊ वर्षे द्यावी लागतात, आणि माझ्यासाठी त्यांनी ती वाट सुचवली नाही. मला वाईट वाटले, पण त्यांचे म्हणणे बरोबर होते.

मग ज्या संस्थेत आज मी आहे तिच्या एका कॉन्व्हेंटमध्ये रजा काढून राहिले. ‘या आणि पाहा’ असे या राहण्याला म्हणतात. ते घर नंदुरबारच्या बाजूला, आदिवासी पाड्यांत दवाखाना चालवणारे होते. मुलींना नेहमी रंगवून सांगतात ते तिथे फारसे नव्हते. पहाटे साडेपाचला चॅपेलमध्ये ध्यान, मिस्सा, नंतर भाकरी थापण्याची पाळी, सात वाजता दवाखान्याच्या दारात लागलेली रांग. महिन्याच्या शेवटी प्रत्येक सिस्टर आपली खर्चाची छोटी वही सुपीरियरपुढे, म्हणजे घराच्या प्रमुख सिस्टरांपुढे, ठेवत असे. एकीच्या वहीत मी पाहिले: बसभाडे, टपाल, चपलेचा अंगठा शिवला. पन्नाशी ओलांडलेल्या, शेकडो बाळंतपणे केलेल्या बाईने चपलेच्या अंगठ्याचा हिशेब लिहून द्यायचा, हे पाहून मी आधी अस्वस्थ झाले. त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “सुरुवातीला मलाही टोचायचं. आता त्या वहीमुळेच कळतं, की मला किती कमी लागतं.” हे त्यांचे झाले. मला अजूनही कधीकधी टोचते.

त्याच घरात दोन सिस्टरांचे कामाच्या पाळ्यांवरून खटकले आणि अख्खा दिवस त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. रात्रीच्या प्रार्थनेआधी एकीने क्षमा मागितली. दुसरीने मान हलवली, पण तिचे मन साफ झालेले नव्हते हे सगळ्यांना दिसत होते. दुसऱ्या दिवशी स्मृतिभ्रंश झालेल्या वयस्क सिस्टरांना अंघोळ घालायला त्या दोघीच गेल्या, एकीने धरले, दुसरीने पाणी ओतले. ब्रह्मचर्याविषयी मुली मला खूप प्रश्न विचारतात, आणि ते व्रत सोपे नाहीच. पण सामूहिक जीवनाविषयी फारशी कोणी विचारत नाही. ज्यांना आपण निवडलेले नाही, ज्यांची भाषा, जेवण आणि राग वेगळा आहे, अशांबरोबर रोज एका ताटात जेवण्याची तयारी आहे का, ही कसोटी मला प्रार्थनेपेक्षाही कठीण गेली.

घरी सांगणे शेवटी आले. आई रडली आणि म्हणाली, “आमचं काही चुकलं का गं?” बाबा काही बोलले नाहीत. काही दिवसांनी त्यांनी मला विचारले की, त्या मोठ्या सिस्टरांना भेटता येईल का. आम्ही गेलो. कॉन्व्हेंटच्या पार्लरमध्ये, म्हणजे भेटीच्या खोलीत, बसल्यावर बाबांनी खिशातून वहीचे घडी घातलेले पान काढले. त्यावर त्यांनी प्रश्न लिहून आणले होते. पोरगी आजारी पडली तर कोण बघणार? तिला घरी यायचे झाले तर अडवणार का? आमच्यापैकी कोणी अंथरुणाला खिळले तर ती येऊ शकेल का? प्रांताधिकारी, म्हणजे संस्थेच्या प्रांताच्या प्रमुख, सिस्टरांनी एकेक उत्तर दिले: आजारपण आणि म्हातारपण ही संस्थेची कायद्याने जबाबदारी आहे, तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की तिला मोकळेपणाने जाता येते, आईवडिलांच्या गंभीर आजारात परवानगी घेऊन येता येते, मात्र कायमची सेवा ती करू शकेल असे वचन मी देत नाही.

शेवटचा प्रश्न बाबांनी कागदावर लिहिलेला नव्हता. ते खाली पाहत म्हणाले, “सिस्टर, पेपरात काहीबाही येतं. तिथं तिच्यावर काही प्रसंग आला, आणि तो कुणा फादरकडून आला, तर ती कुणाला सांगणार?” खोलीत कोणी हलले नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी विमानातल्या पत्रकार परिषदेत धर्मभगिनींवर धर्मगुरूंकडून अत्याचार झाल्याचे आणि ते पूर्णपणे थांबलेले नसल्याचे मान्य केले होते, त्यामुळे बाबांची भीती कोणी उडवून लावू शकत नव्हते. प्रांताधिकारी सिस्टर तक्रार निवारणाची लेखी कार्यपद्धती घेऊन आल्या, ती बाबांपुढे ठेवली आणि म्हणाल्या, “आमच्यातलं कुणी ऐकलं नाही, तर तिनं पोलिसांत जावं. मी हे तुमच्यासमोर तिला सांगते आहे.” त्यांनी असे उत्तर दिले नसते तर मी त्या संस्थेत गेले नसते.

कागदपत्रांचे काम त्यामानाने सरळ होते. बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला, विवाह झालेला नसल्याचा पुरावा, धर्मगुरूंचे पत्र, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, वैद्यकीय तपासण्या. बाप्तिस्म्याचा दाखला नव्याने काढलेलाच लागतो, कारण मूळ नोंदवहीत नावापुढे विवाहाची वा अंतिम व्रतांची नोंद केलेली असते आणि त्यावरून माणूस मोकळा आहे की नाही हे कळते. मानसशास्त्रीय चाचणीसाठी माझी लेखी संमती घेतली आणि अहवाल आधी मला समजावून सांगितला. त्यात लिहिले होते की, मी कामाच्या आड दुःख लपवते. अर्जावर विचार करताना मंडळानेही त्याची दखल घेतली आणि नवदीक्षितागृहात जाण्यापूर्वी मी समुपदेशन घ्यावे असे सुचवले. गेलेल्या बाळांविषयी मी पहिल्यांदा तिथे मोठ्याने बोलले.

नवदीक्षितागृहाविषयी इथे फार लिहीत नाही, तो स्वतंत्र विषय आहे. एवढेच नोंदवते की, माझ्याबरोबरच्या एका मुलीने मधल्या काळात घरी जाण्याचा निर्णय घेतला. तिच्या निरोपाची प्रार्थना आमच्या मार्गदर्शिकेने स्वतः म्हटली, तिचे आभार मानले, आणि तिला स्टेशनवर सोडायला त्या स्वतः गेल्या. पूर्वी अशा मुलींना रात्री गुपचूप पाठवून देत असत, असे वयस्क सिस्टरांकडून ऐकले आहे. ती मुलगी आज शिक्षिका आहे, तिचे लग्न झाले आहे, आणि तिचीही पारख माझ्याइतकीच खरी होती असे मी मानते. आमच्या गावात अजूनही परत आलेल्या मुलीकडे ‘नापास झाली’ अशा नजरेने पाहतात. तिच्या आईवडिलांना समाजात मान खाली घालावी लागते. ही नजर बदलली नाही तोवर आत राहिलेल्या मुलींच्या ‘हो’वरही शंका घ्यायला जागा राहील, कारण परत जाण्याची लाज हीसुद्धा एक प्रकारची जबरदस्तीच आहे.

माझी तात्पुरती व्रते दरवर्षी नव्याने घ्यावी लागतात. त्यासाठी स्वतःच्या हाताने अर्ज लिहायचा असतो. पुढे अंतिम व्रतांआधी मृत्युपत्र करावे लागेल. धाकट्या भावाशी त्याबद्दल बोलणे झाले आहे, आणि बाबांच्या नावावरच्या जमिनीतला माझा वाटा आईच्या हयातीत तिच्याकडेच राहावा असे मी त्याला सांगितले आहे. अंतिम व्रतांचा निर्णय माझा एकटीचा नसेल. त्यावर प्रांताधिकारी आणि त्यांचे मंडळही विचार करून मत देईल, आणि त्यांचे उत्तर ‘थांब’ असेही असू शकते.

गेल्या नाताळात गावातली एक मुलगी मला भेटायला आली. डी.एड. झालेली, पतसंस्थेचे कर्ज असलेली, आणि एका संस्थेने तिला जूनमध्ये यायला सांगितलेले. मी तिला आमच्या संस्थेविषयी काही सांगितले नाही. कर्जाचे किती हप्ते उरले आहेत ते विचारले, दुसऱ्या संस्थेतल्या एका मार्गदर्शक सिस्टरांचे नाव दिले, आणि घरी स्थळ आले तर ते भेटण्याआधीच नाकारू नकोस असे सांगितले. तिचे अजून काही ठरलेले नाही. ती दर महिन्याला त्या सिस्टरांकडे जाते.